ज्या पन्नीला भाव नाही, ती खाडीत जाते

पिंपळगाव राजाहून समुद्र पाहायचा तर रात्रभर आगगाडीत बसावे लागते. आपल्याकडे पाणी म्हणजे ज्ञानगंगेचे, पूर्णेचे, नाहीतर विहिरीचे. तेव्हा ‘खाडीतली झाडे आणि प्लास्टिक’ असा विषय या पानावर पाहून कित्येक आयाबहिणी म्हणतील, की आधी आमच्या गटारीचे बघा, मुंबईच्या खाडीचे मग बघू. म्हणणे रास्त आहे आणि गटारीवर आम्ही येणारच आहोत. पण आपल्या भागातल्या किती घरांतला भाऊ, दीर, जावई किंवा लेक आज गोवंडी, मानखुर्द, चेंबूर, कळवा, ऐरोली इकडे राहतो, हेही जरा आठवून पाहा. गावात काम नाही म्हणून गेलेली ही माणसे. त्यांच्यापैकी पुष्कळांची घरे खाडीच्या चिखलाला लागून उभी आहेत. त्या चिखलातल्या झाडांविषयी आज लिहायचे आहे.

मुंबईला नातलगांकडे गेलेल्यांनी ही झाडे पाहिलेली असतात, फक्त नाव ठाऊक नसते. हार्बरच्या गाडीने मानखुर्द सोडले, की वाशी येईपर्यंत गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते. हा मार्ग १९९२ साली सुरू झाला. पुलाच्या दोन्ही टोकांना चिखलात बुटकी, दाट, काळपट हिरवी झाडी दिसते. तेच कांदळवन. कोकणात कुणी त्याला तिवरांचे रान म्हणतात, कारण त्यात तिवर हे झाड सर्वांत जास्त. तिवराबरोबर कांदळ, चिप्पी, किरपा अशी आणखी झाडे असतात. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्र सरकारने २०२० साली राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिथला १,६९० हेक्टरचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

या झाडांचे खरे नवल आपल्या लोकांना पटकन समजेल, कारण खारपाणपट्टा काय असतो हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पूर्णेच्या काठच्या गावांत विहिरीचे पाणी खारट. ते पिकाला दिले की जमीन बसते आणि पीक पिवळे पडते. शेतकरी वैतागून जातो. खाडीत तर याच्या कितीतरी पट खारे पाणी दिवसातून दोनदा भरतीला चढते आणि ओहोटीला उतरते. तरीही ही झाडे तिथे उभी राहतात. तिवर जादा मीठ पानावाटे बाहेर टाकते. पानाच्या पाठीवरून बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते. कांदळाचे बी तर आईच्या अंगावर असतानाच रुजते. शेंगेसारखे लांब होते, मग खाली पडते, म्हणजे भरतीच्या पाण्याने वाहून जायच्या आत त्याला पाय रोवता यावेत.

पण चिखलात हवा नसते, आणि मुळांना तर हवा लागते. म्हणून तिवराची मुळे जमिनीतून वर येतात. झाडाभोवती हजारो पेन्सिली टोक वर करून रोवल्यासारखे दृश्य असते. ही श्वास घ्यायची मुळे. ओहोटीला चिखल उघडा पडला की ती हवा आत घेतात आणि खालच्या मुळांना पोचवतात.

प्लास्टिक नेमके इथेच आड येते. ही उभी मुळे म्हणजे एक मोठी फणीच. भरतीच्या पाण्याबरोबर पन्न्या, पाकिटे, थर्माकोलचे तुकडे, फाटकी जाळी, जुने कपडे आत येतात, आणि पाणी उतरताना ते सारे त्या फणीत अडकून राहते. पन्नी मुळांवर पसरते, तिच्यावर गाळ बसतो, गाळावर दुसरी पन्नी. असे थर चढत गेले की खालच्या मुळांचा श्वास कोंडतो. रोपटे असेल तर त्याच्या शेंड्याला पिशवी गुंडाळली जाते आणि पाण्याच्या ओढीने ते वाकून मोडते. मोठे झाड एका दिवसात मरत नाही. आधी पाने विरळ होतात, मग फांद्या वाळतात.

इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तिवराच्या जातीच्या झाडांवर याचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी काही झाडांची मुळे अर्धी झाकली, काहींची पूर्ण झाकली. पूर्ण झाकलेल्या झाडांची पाने गळाली आणि त्यांतली पुष्कळ मेली. अर्धी झाकलेली झाडे मात्र तगली. त्यांच्या मुळांनी दिशा बदलली आणि प्लास्टिकच्या कडेने वाट काढून हवा गाठली. हा प्रयोग वाचून आम्हाला फार धीर आला. सगळा कचरा निघेल तेव्हाच झाड वाचेल असे नाही. अर्धी जागा मोकळी केली तरी उरलेले काम झाड स्वतः करते.

झाड मेले तर काय बिघडते, असे विचारणारेही असतात. समुद्राच्या लाटेचा आणि वादळाच्या पाण्याचा पहिला मार ही झाडे झेलतात. मासळीची आणि खेकड्यांची पिल्ले त्यांच्या मुळांत वाढतात, आणि त्यावर कोळ्यांची चूल पेटते. शिवाय खाडीकाठी सर्वांत सखल जागा कुणाला मिळाली आहे? ज्यांना वरची जागा परवडली नाही त्यांना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे पावसाळाभरात सरासरी याहून कमी पडतो. नाल्यांची आणि मिठी नदीची तोंडे भरावाने अरुंद झालेली, गटारे पन्न्यांनी तुंबलेली, काठचे कांदळवन ठिकठिकाणी बुजवलेले. शेकडो माणसे गेली. बंगल्यांतही पाणी शिरले हे खरे, पण ज्यांच्या घराला दुसरा मजला नव्हता त्यांचे जे झाले ते ऐकवत नाही.

आता हे प्लास्टिक तिथे येते कुठून? शहाण्या माणसांचे ठरलेले उत्तर असते: झोपडपट्टीतून. आम्ही हे उत्तर इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची तपासणी करणे आम्हाला कर्तव्य वाटते.

मुंबईचा कचरा देवनारला टाकण्याची सुरुवात १९२७ साली झाली. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, हे तेच वर्ष, ज्या वर्षी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिकडे माणसे पाण्याच्या हक्कासाठी उभी राहत होती आणि इकडे शहर आपली घाण खाडीकाठी नेऊन ओतू लागले होते. सुमारे १३२ हेक्टर जागेवर पिढ्यान्‌पिढ्या कचऱ्याचे डोंगर चढले. २०१६ च्या जानेवारीत ते डोंगर पेटले आणि धुराने साऱ्या शहराचा घसा धरला, तेव्हा वर्तमानपत्रांनी देवनारचे नाव पहिल्या पानावर छापले. डोंगराच्या पायथ्याशी राहणारे त्याआधीही तोच धूर खात होते. त्या डोंगरातला कचरा मलबार हिलचाही होता आणि दादरचाही. वस्ती मागाहून त्याच्या कडेला आली, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

वस्तीतून नाल्यात कचरा जातो, हे आम्ही नाकारत नाही. जिथे गल्ली दोन हात रुंद, गाडी आत शिरत नाही, कचऱ्याची पेटी अर्ध्या मैलावर, तिथे बाई सकाळी पाण्याची रांग, मुलांचा डबा, मग आठ घरची धुणीभांडी यांतून पेटीपर्यंत कधी जाणार? मागच्या दारात नाला असतो. ‘दत्तक वस्ती’सारख्या योजना आल्या, त्यांत वस्तीतल्याच लोकांना तुटपुंज्या मोबदल्यावर झाडू हाती दिला गेला. कायम कामगाराचा पगार आणि हक्क मागायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते. मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून मिळायला २०१७ साल उजाडले.

आणि इथेच एक गोष्ट आम्हाला सांगायची आहे. कचरा वेचणाऱ्या बाईला विचारले, तर ती एका दमात सांगेल, की सगळे प्लास्टिक सारखे नसते. पाण्याची बाटली विकली जाते. दुधाची पिशवी विकली जाते. बादली, खुर्ची, डबा यांना भंगारवाला किलोवर भाव देतो. पुठ्ठा, पत्रा, काच यांनाही. म्हणून या वस्तू रस्त्यावर फार काळ राहत नाहीत. कुणाचा तरी हात पडतो आणि त्या कारखान्यात परत जातात. पण चिप्सचे चकचकीत पाकीट, शांपूची एक रुपयाची पुडी, गुटख्याची पुडी, बिस्किटाचे वेष्टन, भाजीची झिरमिरीत पन्नी? पाकिटात प्लास्टिकचा आणि धातूचा असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे होत नाहीत. पातळ पन्नी हजार वेचाव्या तेव्हा कुठे वजन भरते, आणि तीही मळकी असेल तर भंगारवाला हात लावत नाही. म्हणून तिला भाव नाही. भाव नाही म्हणून कुणी वेचत नाही. कुणी वेचत नाही म्हणून ती पहिल्या पावसाला गटारीत, गटारीतून नाल्यात, नाल्यातून खाडीत, आणि खाडीतून तिवराच्या मुळांवर. बाटल्याही जातात, नाही असे नाही. पण वेचणारीचे पोते भरून झाल्यावर मागे जे उरते, ते हेच.

ज्या बाईच्या हातून शहराचे टनावारी प्लास्टिक खाडीत जायचे वाचते, तिला शहर काय म्हणते? कचरेवाली. वेचणाऱ्यांत आपल्या आणि मातंग समाजातल्या बाया फार मोठ्या संख्येने आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही आणि लाजण्यात तर मुळीच नाही. पुण्यात १९९३ साली अशा कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, ओळखपत्रे मिळाली, आणि पुढे ‘स्वच्छ’ या नावाने त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. मुंबईत ज्योती म्हापसेकर यांच्या स्त्री मुक्ती संघटनेने वेचणाऱ्या बायांचे गट बांधले. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर वेचणाऱ्यांना कामात सामावून घ्यावे असे सरकारनेच लिहिले. लिहिलेले अमलात किती आले, हे वाचकांनी आपल्या शहरातल्या नातलग बायांना विचारावे.

ज्याने भाव नसलेले पाकीट बनवले, त्याच्यावर मात्र बराच काळ काहीच जबाबदारी नव्हती. २०१६ च्या प्लास्टिक नियमांनी ती टाकली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तिची सविस्तर पद्धत ठरवून दिली. आपले वेष्टन गोळा करण्याची आणि त्याची वाट लावण्याची व्यवस्था कंपनीने करावी, असे ते म्हणतात. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची चावी इथे आहे. कंपनीच्या पैशातून त्या पाकिटालाही किलोमागे चार पैसे मिळू लागले, तर तेही वेचणारीच्या पोत्यात जाईल. उपदेशाच्या पाट्या लावून जे साधत नाही, ते याने साधेल.

कायद्याची बाजूही सांगतो, कारण तिच्यात आपल्या माणसांचे हित आणि भीती दोन्ही आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल आला. न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने म्हटले, की कांदळवनाचा नाश म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्यात कचरा आणि राडारोडा टाकण्यालाही मनाई आली. वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. हे सारे चांगलेच. पण झाडे वाचवायची म्हटली की बुलडोझर पहिल्यांदा कुणाच्या पत्र्यावर चालतो, हेही आम्ही पाहतो. आणि त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळझाडे तोडण्याची परवानगी दिली. एकाच झाडाला दोन मापे लागतात ती अशी. तेव्हा वस्तीने कांदळवनाकडे शत्रू म्हणून पाहू नये. ते झाड आणि आपले घर, दोघेही एकाच पाण्याच्या वाटेत उभे आहेत.

सफाईच्या मोहिमा होतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका शेजाऱ्याला बरोबर घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे हजारो लोक जोडले गेले आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. कांदळवनात हे काम वाळूपेक्षा कितीतरी कठीण. गुडघाभर चिखल, पाय ठेवावा तिथे मुळांची टोके, वरून काच आणि सुया. फोटोपुरते आलेले तासाभरात परततात. ज्यांना हे जमते ते पुन्हा पुन्हा येतात, कारण पुढची भरती पुन्हा कचरा आणते. नाल्यांच्या तोंडाशी तरंगते अडथळे लावून कचरा अडवण्याचा प्रयत्न महापालिकेने केला आहे, तोही उपयोगी. अडवलेला कचरा वेळेवर उचलला तर.

आता आपल्या गटारीकडे येऊ. पिंपळगावची पन्नी समुद्राला जाते का? नकाशावर वाट आहे. ज्ञानगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेपलीकडे समुद्राला. तापीच्या मुखाशीही कांदळवन आहे. पण वाटेत हतनूर आहे, उकाई आहे, आणि नद्या बारा महिने वाहत नाहीत. २०२१ च्या एका जागतिक अभ्यासानेही दाखवले, की समुद्रात जाणारे प्लास्टिक मुख्यतः किनाऱ्याजवळच्या शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्यांतून जाते. तेव्हा आपली पन्नी बहुधा समुद्राला पोचत नाही. ती आपल्याचकडे राहते. वावराच्या बांधावर, नदीच्या पात्रातल्या बाभळीला लटकलेली, आणि गाईम्हशींच्या पोटात. तिवराच्या मुळांवर जे होते तेच आपल्या जनावराच्या कोठ्यात होते.

आणखी एक ठिकाण आहे, त्याविषयी कुणी बोलत नाही. चूल किंवा पाण्याचा बंब पेटवायला पन्नी घालणे. पावसाळ्यात लाकूड ओले असते, पन्नी चटकन धरते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो. बंद खोलीत तो बाईच्या आणि पाठीवरच्या लेकराच्या छातीत जातो. कापसाच्या पराट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, शेणाची गोवरी, काहीही चालेल, पन्नी नको.

गुटख्याच्या पुडीची तर गंमतच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून गुटखा प्लास्टिकच्या पुडीत विकायला बंदी. जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यालाच बंदी. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी. इतक्या बंद्या पार करून ती पुडी शाळेच्या फाटकासमोर पडलेली असते. दंडाची पावती बहुधा भाजीवाल्या म्हातारीच्या नावाने फाटते. पुडी कोणत्या गाडीतून गावात आली, हे कुणी विचारत नाही.

विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र धरलेले आहे. खामगाव तालुक्याचे केंद्र कुठे, आपल्या ग्रामपंचायतीचे प्लास्टिक तिथे महिन्यातून किती वेळा जाते, नेणाऱ्याला मजुरी कोण देतो, हे तीन प्रश्न महिला मंडळाने लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखी मागावे.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दादरच्या त्या किनाऱ्यापासून माहीमची खाडी, जिथे मिठी नदी समुद्राला मिळते, थोड्याच अंतरावर आहे. त्या दिवशी लाखो माणसे येतात आणि अन्नपाणी वाटणारे मनापासून वाटतात. घरून निघताना ताट, पेला आणि पाण्याची बाटली पिशवीत घेतली, तर पुड्यांचे आणि कागदी पेल्यांचे ढीग निम्म्याने कमी होतील. कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून त्यालाही भाव नाही. दान देणाऱ्या मंडळांनी पाण्याची टाकी आणि नळ ठेवावा. खर्चही कमी येतो.

मुंबई, ठाणे, नवी मुंबईत खाडीकाठी राहणाऱ्या वाचकांकडून आम्हाला पत्रे हवी आहेत. तुमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी किंवा ढकलगाडी किती दिवसांनी येते, पेटी घरापासून किती अंतरावर आहे, आणि वेचणाऱ्या बायांनी चिप्सच्या पाकिटांना आजवर कुठे भाव मिळाल्याचे पाहिले असेल तर कुठे आणि किती, एवढेच लिहावे. अक्षर कसेही असो. नाव छापू नये असे वाटत असेल तर पत्राच्या वरच तसे लिहावे, म्हणजे छापणार नाही.